सोपारा : एका बंदराच्या इतिहासाचा शोध आणि आपण

नालासोपारा हे नाव आज महाराष्ट्राला ठाऊक आहे ते मुंबईच्या पश्चिम उपनगरी रेल्वेवरील गर्दीचे स्थानक म्हणून. वसई रोड आणि विरार यांच्या मधले हे स्थानक वर्ध्यापासून सुमारे साडेसातशे किलोमीटरवर आहे. तेथून रोज ये-जा करणाऱ्यांत आपल्या वसतिगृहात वाढलेले काही माजी विद्यार्थीही असतील. मात्र स्थानकाच्या पश्चिमेस असलेल्या जुन्या सोपारा गावात एक विटांचा स्तूप आहे, आणि हे गाव दोन हजार वर्षांपूर्वी पश्चिम समुद्रावरील नामांकित बंदर होते, हे जाणणारे थोडेच. ज्या गावाची ओळख जवळजवळ पुसली गेली होती त्याचा इतिहास पुन्हा कसा उभा राहिला, हे सांगणे हा या लेखाचा हेतू आहे. समुद्र न पाहिलेल्या आपल्या विदर्भातील मुलांना या शोधातून काय शिकता येईल, हेही त्याच ओघात पाहावयाचे आहे.

एखाद्या लहान गावाचा इतिहास सहसा एका ग्रंथात लिहिलेला नसतो. तो तुकड्यातुकड्यांनी विखुरलेला असतो. सोपाऱ्याच्या बाबतीत हे तुकडे चार प्रकारचे आहेत : प्राचीन ग्रंथांतील उल्लेख, इतरत्र कोरलेले दानलेख, गावातील एक टेकडी आणि सम्राट अशोकाच्या शिलालेखांचे फुटके अवशेष. यांपैकी प्रत्येक साक्षीदार काही सांगतो आणि काही सांगत नाही. संशोधकाचे काम म्हणजे प्रत्येकाला त्याच्या योग्यतेइतकेच बोलू देणे होय.

ग्रंथांची साक्ष

पाली वाङ्मयात या बंदराचे नाव ‘सुप्पारक’ असे येते, तर संस्कृतात ते ‘शूर्पारक’ आहे. ‘उदान’ या पाली ग्रंथात बाहिय दारुचीरिय नावाच्या वल्कलधारी तापसाची कथा आहे. तो सुप्पारकाच्या समुद्रतीरी राहत असे. लोक त्याचा आदर करीत, त्याला दान देत. आपण खरोखरच अर्हत आहोत काय, अशी शंका मनात आल्यावर तो दूर श्रावस्तीस तथागतांच्या भेटीला गेला आणि भिक्षाटनाच्या वाटेवरच त्याने धम्म विचारला. लोकांनी दिलेला मान पुरेसा न मानता सत्य तपासण्यासाठी निघालेला हा माणूस सोपाऱ्याचा होता, ही गोष्ट आपण लक्षात ठेवण्याजोगी आहे.

दुसरी कथा पुण्ण स्थविरांची. ‘मज्झिम निकाया’तील सुत्तात ते सुनापरान्त देशी धम्मप्रचारासाठी जाण्यास निघतात. तेथील लोक रागीट आहेत, त्यांनी शिव्या दिल्या तर काय कराल, मारले तर काय कराल, असे तथागत त्यांना विचारतात आणि पुण्ण प्रत्येक वेळी क्षमेचे उत्तर देतात. हे पुण्ण मूळचे सुप्पारकाचे व्यापारी होते, असे अट्ठकथा सांगते. ‘दिव्यावदान’ या संस्कृत ग्रंथातही शूर्पारकाच्या पूर्णाची कथा विस्ताराने आली असून, तिचे चित्रण अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात आढळते. श्रीलंकेच्या ‘महावंस’ ग्रंथात राजपुत्र विजय लंकेस जाण्यापूर्वी सुप्पारकास उतरल्याची नोंद आहे. सुप्पारक जातकाचा नायक तर समुद्राच्या खाऱ्या पाण्याने दृष्टी गमावलेला, तरीही जहाज सुखरूप परत आणणारा कुशल नाविक आहे.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. ‘महावंस’ व अट्ठकथा आजच्या रूपात इसवी सनाच्या पाचव्या शतकाच्या सुमारास सिद्ध झाल्या. म्हणजे त्यांतील घटनांनंतर कित्येक शतकांनी. जातकातील नाविकाचे नाव सुप्पारक असले, तरी कथा घडते ती भरुकच्छात, म्हणजे आजच्या भडोचमध्ये. म्हणून या कथांवरून पुण्ण कोणत्या वर्षी कोठे उतरले, हे ठरवता येत नाही. मात्र इतके निश्चित ठरते की कथा रचणाऱ्यांना आणि ऐकणाऱ्यांना सुप्पारक हे व्यापाराचे व धम्माचे बंदर म्हणून परिचित होते. महाभारतातही शूर्पारकाचा तीर्थक्षेत्र म्हणून उल्लेख आहे आणि जैन परंपराही सोपाऱ्यास पवित्र मानते. एकाच गावाकडे अनेक परंपरा आपलेपणाने पाहतात, तेव्हा ते गाव मोठ्या वर्दळीचे असले पाहिजे, असे अनुमान करणे वावगे ठरणार नाही.

या अनुमानास परकीय साक्षही मिळते. इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिल्या गेलेल्या ‘पेरिप्लस’ या सागरी मार्गदर्शिकेत पश्चिम किनाऱ्यावरील बंदरांच्या यादीत ‘सुप्पारा’ आणि ‘कल्लिएना’ म्हणजे कल्याण यांची नावे जवळजवळ येतात. टॉलेमीच्या भूगोलग्रंथात आणि पुढे दहाव्या शतकातील अरबी लेखनात ‘सुबारा’ या रूपाने हे नाव टिकून आहे.

दात्यांची नावे

ग्रंथ नकलून लिहिले जातात, त्यांत भर पडते. दगडावर कोरलेले अक्षर मात्र जेथे कोरले तेथेच राहते. सोपाऱ्याची सर्वांत जिवंत साक्ष सोपाऱ्याबाहेर, सह्याद्रीतील लेण्यांत व घाटांत सापडते.

जुन्नरजवळच्या नाणेघाटात सोपाऱ्याच्या गोविंददास नावाच्या माणसाने पाण्याचे टाके दान दिल्याचा लेख आहे. कोकणातील बंदरांतून देशावर जाणारा व्यापार याच घाटाने चढत असे. ओझ्याचे बैल हाकत चढण चढणाऱ्यांना पाणी मिळावे, ही त्या दानामागील भावना सहज उमगते. कार्ले येथील चैत्यगृहात सोपाऱ्याच्या सातिमित्त नावाच्या भाणकाने, म्हणजे सुत्तांचे पठण करणाऱ्या भिक्खूने, अवशेषयुक्त स्तंभाचे दान दिल्याचे कोरलेले आहे. नाशिकच्या लेण्यातील उषवदाताच्या लेखात शूर्पारक येथे केलेल्या दानांचा उल्लेख असून, हा उषवदात क्षत्रप नहपानाचा जावई होता. कान्हेरीच्या लेखांतही सोपाऱ्याचे नाव येते.

या लेखांमुळे बंदराचा नकाशा आपोआप उमटतो. सोपारा, कल्याण, नाणेघाट, जुन्नर आणि तेथून पैठण असा हा मार्ग होता. मालाबरोबर माणसे चालत होती आणि माणसांबरोबर धम्म चालत होता. राजाचे नाव इतिहासात राहतेच. परंतु गोविंददास आणि सातिमित्त ही नावे राहिली ती केवळ त्यांनी दिलेल्या दानाची नोंद कोणी तरी कोरून ठेवली म्हणून.

बुरूड राजाचा कोट

नावे मिळाली तरी प्रत्यक्ष जागा कोणती, हा प्रश्न उरतो. सोपारा गावाजवळ एक मोठा उंचवटा होता. गावकरी त्याला ‘बुरूड राजाचा कोट’ म्हणत. कोण हा बुरूड राजा, हे कोणत्याही बखरीत नाही. संस्कृत ‘शूर्प’ म्हणजे सूप आणि सूप विणणारा तो बुरूड, एवढे साम्य पाहता गावाचे जुने नावच लोककथेत वेष बदलून राहिले असावे, असा तर्क सुचतो. मात्र तर्क सुचणे म्हणजे पुरावा मिळणे नव्हे, हे येथेच नमूद केले पाहिजे.

पुरावा मिळाला तो १८८२ च्या एप्रिल महिन्यात. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तो उंचवटा खोदला. भगवानलाल मूळचे जुनागढचे. त्यांच्यापाशी विद्यापीठाची कोणतीही पदवी नव्हती. गिरनारच्या पायथ्याशी असलेल्या अशोकाच्या शिलालेखाने त्यांना तरुणपणीच वेड लावले होते. पुढे मुंबईस डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या सहवासात त्यांनी प्राचीन लिपी व नाणी यांचा अभ्यास केला आणि अखेरीस नेदरलँड्समधील लायडन विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली.

उंचवटा म्हणजे विटांचा स्तूप निघाला. त्याच्या मध्यभागी दगडी करंडक होता. त्यात तांब्याचा करंडक, त्यात चांदीचा, मग दगडाचा, स्फटिकाचा आणि सर्वांत आत सोन्याचा, असे एकात एक करंडक होते. सोन्याच्या करंडकात मातीच्या पात्राचे बारीक तुकडे जपून ठेवलेले होते. ते तथागतांच्या भिक्षापात्राचे मानून पूजिले गेले असावेत, असे भगवानलालांचे मत होते. सोबत सोन्याची फुले, तसेच गौतमीपुत्र यज्ञ सातकर्णी या सातवाहन राजाचे चांदीचे नाणे मिळाले. तांब्याच्या करंडकाभोवती आठ लहान धातुमूर्ती मांडलेल्या होत्या : विपस्सी, सिखी, वेस्सभू, ककुसंध, कोणागमन, कस्सप आणि गौतम हे सात बुद्ध व भावी बुद्ध मैत्रेय. हे अवशेष पुढे मुंबईच्या एशियाटिक सोसायटीत ठेवण्यात आले.

या ठेव्यात अभ्यासकांसाठी मोठा धडा आहे. यज्ञ सातकर्णीचा काळ दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धातला; मूर्तींची घडण मात्र आठव्या-नवव्या शतकाकडे निर्देश करते. एकाच पेटीत सहाशे वर्षांचे अंतर कसे? याचे समाधानकारक उत्तर असे, की स्तूप जुना होता आणि नंतरच्या उपासकांनी तो उघडून, मूळ ठेवा सांभाळून, आपल्या काळच्या मूर्ती तेथे ठेवल्या. म्हणजे सोपाऱ्यात बौद्धांची वस्ती एका राजाच्या काळापुरती नव्हती. ती अनेक पिढ्या टिकली आणि आपला वारसा जपत राहिली. केवळ नाणे पाहून निष्कर्ष काढला असता, तर ही गोष्ट हाती लागली नसती. केवळ मूर्ती पाहून काढला असता, तरी ती हुकली असती.

फुटक्या शिळेचे वाचन

त्याच वर्षी भगवानलालांना सोपाऱ्याच्या परिसरात एका शिळेचा तुकडा मिळाला. त्यावर ब्राह्मी लिपीतील मोजकीच अक्षरे शिल्लक होती. पूर्ण वाक्य हाती नसताना तो तुकडा अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा आहे, हे त्यांनी ओळखले. गिरनारचा संपूर्ण लेख ज्याने अक्षर अक्षर लावून वाचला आहे, त्यालाच हे शक्य होते. आज हा तुकडा मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. पुढे १९५६ मध्ये जवळच्या भुईगाव येथे नवव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. आठवा आणि नववा असे दोन लेख मिळाल्यावर, येथे एके काळी गिरनारप्रमाणे चौदा लेखांची मालिका असली पाहिजे, हे अनुमान बळकट झाले.

या दोन लेखांचा आशयही आपल्या परिचयाचा आहे. पूर्वीचे राजे शिकारीच्या विहारयात्रा काढीत. आपण मात्र अभिषेकानंतर दहा वर्षांनी संबोधीस गेलो व तेव्हापासून धम्मयात्रा सुरू झाली, असे सम्राट आठव्या लेखात सांगतो. नवव्या लेखात आजारपणात, विवाहात, जन्मप्रसंगी व प्रवासाला निघताना लोक करतात त्या नाना मंगलविधींचे फळ थोडे, असे म्हणून दास व सेवक यांच्याशी योग्य वर्तन, गुरुजनांचा आदर, प्राणिमात्रांविषयी संयम आणि श्रमण-ब्राह्मणांना दान हेच खरे मंगल, असे तो सांगतो. ज्या वर्षी भुईगावचा तुकडा प्रकाशात आला, त्याच १९५६ सालच्या १४ ऑक्टोबरला बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपूर येथे धम्मदीक्षा दिली आणि निरर्थक कर्मकांड सोडण्याची प्रतिज्ञा लाखो लोकांनी घेतली. या दोन घटनांत कार्यकारणसंबंध नाही, तो जोडूही नये. तरीही शिळेवरील विचार आणि माणसांच्या मुखातील प्रतिज्ञा यांच्यातील नाते विचारशील वाचकाच्या ध्यानात येईल.

बंदर गेले कोठे?

आज सोपारा समुद्रावर नाही. उत्तरेस वैतरणा नदीचे मुख आणि दक्षिणेस वसईची खाडी यांच्या मध्ये हा भाग येतो. जुन्या काळी खाडीच्या फाट्यांतून गलबते आत येत. गाळ साचत गेला, फाटे उथळ झाले, जहाजे मोठी होत गेली आणि व्यापार ठाणे, वसई व अखेर मुंबईकडे सरकला. शत्रूने जाळल्यामुळेच गावे संपतात असे नाही. पाणी हटले की बंदर संपते. म्हणून बंदराचा अभ्यास करणाऱ्याला ग्रंथांइतकेच तळी, खाजण, विहिरी आणि गाळाचे थर वाचावे लागतात. आता शहर वाढत असताना जमिनीतील उरलेल्या खुणा इमारतींच्या पायाखाली जात आहेत. स्तूप केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली असल्याने वाचला. पण ज्या बंदरामुळे तो उभा राहिला, त्या बंदराच्या खुणांना असे कुंपण नाही.

हाच अभ्यास आपल्या मातीत

सोपाऱ्याची कथा आम्ही येथे सांगितली ती दूरच्या वैभवाचा अभिमान वाटावा एवढ्यासाठी नव्हे. जी पद्धत तेथे उपयोगी पडली ती आपल्या गावातही उपयोगी पडते. भंडारा जिल्ह्यातील पवनी येथील ‘जगन्नाथ टेकडी’ हे नाव ऐकून तेथे स्तूप असेल, असे कोणास वाटले असते? १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ व भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी उत्खनन केल्यावर तेथे प्राचीन स्तूप उघड झाला. आपल्या जिल्ह्यात धाम नदीकाठच्या पवनारला १९६७ मध्ये नागपूर विद्यापीठाने उत्खनन केले. त्याच पवनारात आचार्य विनोबा भावे यांना आश्रमाची जमीन खणताना प्राचीन शिल्पे मिळाली होती. आज वाशिम जिल्ह्यात असलेल्या तऱ्हाळा येथे १९३९ मध्ये सातवाहनांची सुमारे १,६०० नाणी सापडली, आणि सोपाऱ्याच्या स्तूपातील नाणे ज्याचे, त्या यज्ञ सातकर्णीची नाणीही त्यांत आहेत. किनारा आणि विदर्भ एकाच राज्याच्या व्यवहारात होते, हे त्यावरून कळते.

पाली वाङ्मय मराठीत आणण्यासाठी आयुष्य वेचणाऱ्या आचार्य धर्मानंद कोसंबी यांनी जून १९४७ मध्ये आपल्याच जिल्ह्यातील सेवाग्रामला देह ठेवला. ‘सुप्पारक’ हे नाव सामान्य मराठी वाचकांपर्यंत पोहोचण्याची वाट ज्यांनी बांधली, त्यांत ते अग्रणी होते. त्यांचे ऋण मानायचे तर त्यांचा मार्ग चालला पाहिजे.

हा मार्ग कोणता, हे विद्यार्थ्यांसाठी थोडक्यात सांगतो. आपल्या गावची पांढरी कोणती आणि काळी कोणती, हे प्रथम वडीलधाऱ्यांना विचारावे. जुन्या वस्तीची भुरकट माती ज्या टेकाडावर असते ती पांढरी. शेतात खत म्हणून ती माती गाड्या भरभरून नेली जाते आणि तिच्याबरोबर इतिहासही जातो. टेकाडांची, नाल्यांची, शेतांची स्थानिक नावे जशी उच्चारली जातात तशीच लिहावीत. वर्धा जिल्ह्याचे १९०६ चे गॅझेटियर व महसुलाचे गावनकाशे यांच्याशी ती ताडून पाहावीत. खापरे, मणी, जुन्या विटा दिसल्यास जागेची नोंद करून छायाचित्र घ्यावे. खोदकाम मात्र स्वतः कधीही करू नये. थरांतून उचललेली वस्तू मुकी होते. शिवाय १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत मिळालेला ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळविणे बंधनकारक आहे.

यापेक्षाही महत्त्वाचे पथ्य आहे ते मनाचे. ज्या समाजाला शतकानुशतके इतिहास नाकारला गेला, त्याला आपला वारसा सापडला की आनंद होणे स्वाभाविक आहे. तथापि त्या आनंदात प्रत्येक प्राचीन मूर्तीला बुद्धमूर्ती आणि प्रत्येक टेकाडाला स्तूप म्हणण्याचा मोह आवरला पाहिजे. बाबासाहेबांनी १९४८ च्या अस्पृश्यांविषयीच्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत, पुराव्याची साखळी तुटलेली असताना इतिहासकाराने तर्क कसा व किती करावा, याची काटेकोर चर्चा केली आहे. कच्च्या पुराव्यावर उभा केलेला दावा एका प्रश्नाने कोसळतो आणि त्याच्याबरोबर खऱ्या पुराव्याचीही किंमत जाते. धम्माला ‘एहिपस्सिको’ म्हटले आहे; या आणि पाहा, असे तो सांगतो. आपला इतिहासही ‘या आणि पाहा’ असे निर्भयपणे म्हणता येण्याजोगा असावा.

शेवटी एक विनंती माजी विद्यार्थ्यांना आणि पालकांना. १९५६ च्या दीक्षेस जे समजत्या वयात हजर होते, ते आज नव्वदीच्या घरात आहेत. दीक्षाभूमीला पायी कोण गेले, गावात पहिले विहार कोणी बांधले, त्यासाठी धान्य व मजुरी कोणी दिली, मुलांना वसतिगृहात शिकण्यासाठी कोणी धाडले, हे त्यांना तोंडपाठ आहे आणि अन्यत्र कोठेही लिहिलेले नाही. त्यांचे शब्द त्यांच्याच बोलीत, नाव व तारखेसह लिहून घ्यावेत. जुनी छायाचित्रे, पावतीपुस्तके, वर्गणीच्या वह्या रद्दीत न टाकता संस्थेकडे द्याव्यात. नाणेघाटातील टाक्यावर सोपाऱ्याच्या एका सामान्य माणसाचे नाव कोरलेले राहिले, म्हणून दोन हजार वर्षांनी आपण त्याचे दान जाणतो. मूठमूठ धान्य देऊन ही शाळा उभी करणाऱ्या माणसांची नावेही तशीच राहिली पाहिजेत, आणि ते काम या वर्षी, ती सांगणारी माणसे आपल्यात असतानाच, व्हावयास हवे.